चाकू, गाणे आणि कलम सदतीस

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, वर्षातून अनेकदा एक लहानशी बातमी छापून येते: ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. सण, निवडणूक, मोर्चा, जयंती असे काही निमित्त असते. बातमीत एक यादी असते, आणि ती इतक्या वेळा छापली गेली आहे की वाचकाची नजर तिच्यावरून सहज घसरून जाते. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई. त्यापाठोपाठ दाहक पदार्थ, स्फोटके आणि दगड. मग प्रेतांचे व प्रतिमांचे प्रदर्शन. आणि त्याच दमात पुढे: जाहीरपणे घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, आवेशपूर्ण भाषणे करणे, हावभाव करणे, सोंग आणणे, चित्रे, चिन्हे आणि फलक दाखवणे.

ही यादी १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातील, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील, कलम ३७ च्या पहिल्या पोटकलमाची आहे. भाषणे, हावभाव आणि चित्रे यांच्यापुढे सभ्यता, नीतिमत्ता आणि राज्याची सुरक्षितता यांची अट जोडलेली आहे, हे मान्य. पण ती बाधा येते की नाही हे ठरवणार कोण? आदेश काढणारा अधिकारीच. साहित्याच्या वर्गात ही यादी कोणी वाचत नाही. आमच्या मते ती वाचली पाहिजे. खिशातला चाकू आणि ओठावरचे गाणे यांना एका ओळीत बसवणाऱ्या कायद्याची विचारपद्धती कोणती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः चाकूविषयी, त्यातही घडीच्या चाकूविषयी बोलणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तूचा अर्थ तिच्या आकारात शोधणारा आणि ती बाळगणाऱ्याचे कारण न ऐकणारा कायदा चाकूच्या बाबतीत चूक करतो, आणि तीच चूक तो शब्दाच्या बाबतीतही करत आला आहे. शब्दाच्या बाबतीत आपण निषेध करतो. चाकूच्या बाबतीत मात्र गप्प बसतो.

आधी वस्तूकडे पाहू. घडीचा चाकू ही मोठी पेचाची चीज आहे. विळी घरातून बाहेर पडत नाही. ती स्वयंपाकघराची आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. तलवार घरात असली तरी ती भाजी चिरण्यासाठी नाही, हेही सर्वांना ठाऊक असते. घडीचा चाकू या दोहोंच्या मधला. तो मुठीत मिटतो आणि खिशात राहतो. पाते झाकण्याची ही सोय दोन कारणांनी उपयोगी पडते: बाळगणाऱ्याला स्वतःला इजा होऊ नये म्हणून, आणि समोरच्याला तो दिसू नये म्हणून. कोकणात आंब्याची कलमे बांधणारा माणूस घडीचा चाकू वापरतो. वायरमन वायरचे वेष्टण त्यानेच सोलतो. एके काळी शाळामास्तरांच्या बंडीच्या खिशातही तो असे, बोरूला किंवा पेन्सिलीला टोक काढण्यासाठी. आणि गल्लीतला दादाही तोच चाकू बाळगतो. खिशातून बाहेर येईपर्यंत या चौघांच्या चाकूंत फरक करता येत नाही.

मराठीने हा फरक शब्दांतून करण्याचा प्रयत्न केलेला आहे. ‘चाकू’ आणि ‘सुरी’ हे शब्द घरात वावरतात. ‘सुरा’ म्हटले की घराबाहेरचे काहीतरी डोळ्यांपुढे येते. नुसते लिंग बदलल्याने वस्तूचा स्वभाव पालटतो. ‘गुप्ती’ आपला हेतू नावातच सांगून टाकते. ‘खटक्याचा चाकू’ म्हटल्यावर मात्र आपण वस्तूचे नव्हे, तिच्या आवाजाचे वर्णन करत असतो, आणि त्या आवाजाला हिंदी चित्रपटाने इतका अर्थ चिकटवला आहे की तो पुसणे कठीण. ‘रामपुरी’ हे तर एका गावाचे नाव. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांनी घडवलेला हा चाकू १९६५ च्या ‘वक्त’पासून पुढे कित्येक चित्रपटांत खलनायकाच्या किंवा त्याला धडा शिकवणाऱ्या नायकाच्या हातात दिसला. पुढे सरकारने पात्याच्या लांबीवर मर्यादा घातली आणि धंदा ओसरला. २०२३ मध्ये त्याच रामपुरात, एका चौकात, वीस फुटी चाकूचे शिल्प उभारण्यात आले. ज्या वस्तूची पेठ कायद्याने आटवली तिचाच पुतळा शासनाने उभारावा, यात कोणाला विसंगती वाटली नाही. चौकातला चाकू वारसा. खिशातला चाकू गुन्हा.

आता कायद्याच्या संहितेकडे वळू. भारतातील मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याच्या व्याख्येप्रमाणे आक्रमणासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली, अथवा तशी अनुकूल करून घेतलेली, कोणत्याही प्रकारची वस्तू म्हणजे शस्त्र. त्यात तीक्ष्ण धारेची आणि इतर प्राणघातक हत्यारे आली. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत, आणि वगळलेल्या वस्तूंचे उदाहरण म्हणून लाठी व साधी चालण्याची काठी यांची नावे दिली आहेत. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. केंद्राच्या कायद्यात लाठी हे शस्त्र नसल्याचे उदाहरण आहे. महाराष्ट्राच्या मनाई आदेशात लाठी तलवारीच्या रांगेत उभी आहे. कायदेपंडित सांगतील की दोन्ही कायद्यांचे प्रयोजन निराळे आहे. एक परवान्यासाठी, दुसरा शांततेसाठी. ते खरेच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आमच्या बाजूचाच आहे. लाठी काय आहे हे लाठीकडे पाहून ठरत नाही. प्रसंग ठरवतो.

वरच्या व्याख्येतला सर्वांत अवघड शब्द ‘केवळ’ हा आहे. घडीचा चाकू ‘केवळ’ घरगुती कधी असतो? कलम बांधणाऱ्याचा चाकू शेतीसाठी घडवलेला आहे हे दाखवता येईल. पण बाजारात मिळणारा साधा घडीचा चाकू कशासाठी घडवला गेला, हे घडवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्याचे सारे मोल तो अनेक कामांचा आहे यातच असते. जी वस्तू अनेकार्थी आहे तिला एकच एक अर्थ सिद्ध करायला लावणे, ही मागणी साहित्याच्या माणसाला चांगली परिचयाची आहे.

ही अडचण सोडवण्यासाठी कायद्याने फूटपट्टी हाती घेतली. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे परवान्याच्या वर्गात घातले. घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांचे मात्र वगळले. घडीच्या चाकूचे पाते सहसा एवढे मोठे नसते. म्हणून दिल्ली प्रशासनाने १९८० मध्ये स्वतंत्र अधिसूचना काढली. तिच्यात ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांबीचे आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंदीचे पाते असलेले, यांत्रिक करामतीने उघडणारे वा मिटणारे चाकू आले. ही इंग्रजी अधिसूचना वाचताना एक गोष्ट लक्ष वेधून घेते. तिच्यात ‘गरारीदार’ आणि ‘बटनदार’ हे शब्द तसेच ठेवलेले आहेत. गरारी म्हणजे दातेरी चक्र. पाते उघडताना ज्याची कटकट ऐकू येते ते. कायद्याच्या इंग्रजीला या वस्तूसाठी शब्द सापडला नाही, तेव्हा तिने कारागिराच्या बोलीतला शब्द उसना घेतला. ज्याच्या मालावर बंदी घालायची त्याच्याच भाषेत बंदी लिहावी लागली. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने या दोन शब्दांवर टिपण लिहावे असे आम्हांस वाटते.

७.६२ सेंटिमीटर ही विचित्र संख्या आली कुठून? ती तीन इंचांची मेट्रिक रूपांतरित प्रत आहे. इंग्लंडच्या १९८८ च्या फौजदारी न्याय अधिनियमातही सार्वजनिक ठिकाणी बाळगण्याच्या पात्यांवर बंदी घालताना तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातला चाकू वगळलेला आहे. तीन इंचांवर धोका सुरू होतो याला वैद्यकाचा काही आधार असावा असे वाटत नाही. पण आकडा एकदा छापला गेला की तो तर्कासारखा दिसू लागतो.

इंग्लंडमध्ये याहून रंजक गोष्ट पुढे घडली. घडीचा चाकू कोणाला म्हणावे, असा वाद न्यायालयात उभा राहिला. काही चाकूंचे पाते उघडल्यावर जागी अडकते आणि बटन दाबल्याखेरीज मिटत नाही. सामान्य माणूस त्याला घडीचा चाकूच म्हणेल. त्याची घडी होते, तो खिशात मावतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यायालयाने निर्णय दिला की जो चाकू कोणत्याही क्षणी, नुसत्या मिटण्याच्या क्रियेने, तत्काळ मिटत नाही तो कायद्याच्या दृष्टीने घडीचा चाकू नव्हे. वस्तुतः पाते अडकण्याची सोय वापरणाऱ्याच्या बोटांवर ते अचानक मिटू नये म्हणून असते. सुतार, मासेमार, गिर्यारोहक असाच चाकू पसंत करतात. सुरक्षिततेसाठी केलेली योजना धोक्याची खूण ठरली, आणि तीही एका विशेषणाच्या अर्थनिर्णयातून. एका विशेषणावर माणसाची मुक्तता किंवा शिक्षा अवलंबून असू शकते हे ज्यांना अतिशयोक्त वाटत असेल त्यांनी हा निर्णय अवश्य अभ्यासावा.

न्यूयॉर्कची कथा याहून बोलकी आहे. तिथे १९५० च्या दशकापासून, गुरुत्वाने किंवा हाताच्या झटक्याने ज्याचे पाते बाहेर येते असा चाकू बाळगणे हा गुन्हा होता. पोलीस मनगटाला झटका देऊन पाहत. पाते उघडले तर अटक. आता झटका किती जोराचा, किती वेळा, कोणाच्या मनगटाचा, हे कायद्यात नव्हते. दुकानात उघड विकले जाणारे, सुतार, वीजतंत्री आणि स्वयंपाकी यांच्या रोजच्या वापरातले चाकू यात सापडत. पकडले जाणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, हे गरिबांची वकीलपत्रे घेणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे सांगत होत्या. मार्च २०१९ मध्ये एका स्वयंपाक्याच्या दाव्यात संघराज्य न्यायालयाने हा कायदा त्याच्या बाबतीत घटनाबाह्य होण्याइतका संदिग्ध ठरवला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात राज्याने तो रद्द केला. चाकू तोच, पण मनगट बदलले की गुन्हा बदले. संदिग्धतेचा भार समाजात सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते त्याच्यावरच तो पडतो.

आमच्या युक्तिवादाचा गाभा इथे आहे. इंग्लंडच्या कायद्यात ‘रास्त कारण’ असल्यास बचाव आहे. कामासाठी, धर्मासाठी, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून. पण ते कारण सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. म्हणजे रस्त्यात अडवलेल्या माणसाने एक गोष्ट सांगायची आणि समोरच्याने ती पटते की नाही ते ठरवायचे. निवेदकाची विश्वासार्हता हा आपल्याकडे परीक्षेला येणारा प्रश्न आहे. इथे तो तुरुंगाचा प्रश्न होतो. आंब्याच्या मोसमात एखाद्या प्राध्यापकाच्या झोळीत घडीचा चाकू सापडला तर ‘आंबा कापायला’ हे उत्तर पुरे होईल. तेच उत्तर फासेपारधी समाजातल्या तरुणाने दिले तर? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण संशय कायद्याबरोबर रद्द होत नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. १८७८ च्या वासाहतिक शस्त्र कायद्यात युरोपियनांना परवान्यातून सूट होती आणि हिंदी माणसाला नव्हती. आजच्या कायद्यात असे उघड वाक्य नाही. ते लिहिण्याची गरज उरत नाही, एवढेच; अंमलबजावणीच्या वेळी ते मनात असले तरी भागते.

आपल्याकडच्या पंचनाम्याची भाषाच पाहा. ‘सदर इसमाची अंगझडती घेतली असता त्याचे कब्जात एक धारदार लोखंडी चाकू विनापरवाना बेकायदेशीररीत्या बाळगलेला मिळून आला’ या धर्तीची वाक्ये वर्तमानपत्रांतूनही आपल्याला पाठ झाली आहेत. पुढे मुठीची लांबी, पात्याची लांबी, मधली रुंदी, अंदाजे किंमत. मग भारतीय हत्यार कायदा कलम ४ व २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ (१) व १३५. ‘मिळून आला’ हा प्रयोग नीट पाहावा. चाकू जणू आपोआप मिळतो. तो शोधणारा नाही, बाळगणाऱ्याला तोंड नाही. चाकू खिशात का होता, या प्रश्नाला त्या मजकुरात बहुधा जागाच नसते. शिवाय कलम ४ हे आपल्या पायावर उभे राहणारे कलम नव्हे. त्या त्या भागासाठी केंद्र सरकारने अधिसूचना काढली असेल तरच त्यातला परवान्याचा प्रश्न उद्भवतो. शिक्षा मात्र लहान नाही. कलम २५ खाली किमान एक वर्ष व कमाल तीन वर्षे कैद. मनाई आदेश मोडल्यास कलम १३५ खाली, लेखी कारणे नोंदवल्याखेरीज, चार महिन्यांहून कमी नाही. आदेश कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे हे गावातल्या किती जणांना ठाऊक असते?

याउलट, जिथे कायद्याला कारण ऐकायचे असते तिथे तो ते उत्तम ऐकतो. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ चे पहिले स्पष्टीकरण सांगते की कृपाण धारण करणे व बाळगणे हे शीख धर्माच्या आचरणात समाविष्ट मानले जाईल. पाते तेच, लोखंड तेच. पण घटनाकारांनी त्या पात्यामागचा अर्थ वाचला आणि लिहून ठेवला. आम्हांस हे कलम आदर्श वाटते, आणि ते केवळ धार्मिक सवलतीचे आहे म्हणून नव्हे. वस्तू धारण करणाऱ्याला तिच्याविषयी काय म्हणायचे आहे, हे कायद्याला ऐकता येते याचा तो पुरावा आहे. मराठी रंगभूमीवर याचा दुसरा टोकाचा नमुना आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मध्ये राजगायकाला मिळालेल्या कट्यारीबरोबर एक खून माफ असतो. संस्थानी न्यायाने पात्याला आधीच अर्थ बहाल केलेला आहे. नाटक उभे राहते ते धारण करणाऱ्याच्या मनात तो अर्थ कसा बदलतो यावर. आजचा कायदा संस्थानिकाच्या उलट दिशेने जातो, पण रीत तीच: पात्याला आधीच अर्थ ठरवून द्यायचा, मग तो माफीचा असो वा गुन्ह्याचा.

आता विरुद्ध बाजू. ती दुबळी नाही, आणि साहित्यिकांनी तरी तिला हलक्याने घेऊ नये. १९९४ मध्ये कैरोत नगीब महफूझ यांच्या मानेवर चाकूने वार झाला आणि पुढे त्यांना लेखणी धरणे दुष्कर झाले. १२ ऑगस्ट २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यात सलमान रश्दी व्यासपीठावर असताना त्यांच्यावर चाकूहल्ला झाला, एक डोळा गेला. २०२४ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘नाइफ’ आहे. आपल्या शहरांतून किरकोळ बाचाबाचीत खिशातून चाकू निघतो आणि अठरा-वीस वर्षांचा मुलगा जातो. तो चाकू घरी असता तर भांडण गुद्द्यांवर निभावले असते, हे म्हणणे खोटे नाही. पोलिसाला मनातले वाचता येत नाही. त्याला मोजता येईल असे काही हवे. म्हणून इंच आणि खटका. सोन्याची झाली तरी सुरी उरात खुपसून घ्यायची नसते, हे व्यवहारज्ञान आम्हांसही मान्य आहे.

परंतु इंच आणि खटका यांनी ते साधते का? इंग्लंडमध्ये धारदार वस्तूने होणाऱ्या खुनांत ओळख पटलेल्या हत्यारांपैकी सर्वाधिक वाटा स्वयंपाकघरातल्या सुरीचा आहे. तिच्या मालकीवर बंदी घालण्याचा विचार कोणी करत नाही, कारण ती सर्वांच्या घरात आहे. पुण्यात तर दहशत घडीच्या चाकूची नव्हे, कोयत्याची झाली. २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना ग्राहकाच्या आधारकार्डाची नोंद घ्यायला दुकानदारांना सांगण्यात आल्याच्या बातम्या आल्या. आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. उचल कोयत्यामागे ठरते, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. एकच शब्द एका जिल्ह्यात संसाराचे एकक आहे आणि दुसऱ्या शहरात टोळीचे विशेषण. पात्याची मापे घेऊन या दोहोंतला फरक सांगता येईल का?

हेतू मोजता येत नाही म्हणून तो सोडून द्यावा, हा युक्तिवाद न्यायालये इतरत्र स्वीकारत नाहीत. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक मुळात मनातलाच आहे. तो परिस्थितीवरून सिद्ध करावा लागतो आणि रोज केला जातो. इंग्लंडच्याच १९५३ च्या कायद्यात एक समंजस विभागणी आहे. जी वस्तू इजा करण्यासाठीच बनवली किंवा तशी बदलून घेतली आहे ती आपसूक शस्त्र. इतर कोणत्याही वस्तूबाबत ती इजा करण्याच्या हेतूने बाळगली होती हे सरकार पक्षाने सिद्ध करायचे. आमच्या मते घडीच्या चाकूचे स्थान या दुसऱ्या वर्गात आहे. बेझबॉलची बॅट, पेचकस, कात्री यांच्या शेजारी. एका चित्रपटाने ही गोष्ट फार पूर्वी दाखवली आहे. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये आणि बासू चटर्जी यांनी केलेल्या त्याच्या हिंदी रूपात, ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) मध्ये, आरोपीचा चाकू एकमेवाद्वितीय आहे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. तोच एक पंच खिशातून हुबेहूब तसा चाकू काढून टेबलावर ठेवतो. मूळ चित्रपटात तो विकत घेताना त्याने स्वतः कायदा मोडलेला आहे. एका निरपराधाला वाचवू शकणारा पुरावा, खिशात सापडला असता, गुन्हाच ठरला असता.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. चाकू जप्त करताना तो का बाळगला, हे बाळगणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत पंचनाम्यात लिहावे. पटो वा न पटो. कामाच्या वस्तूबाबत हेतू सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असावा. मनाई आदेश विशिष्ट प्रसंगापुरता, विशिष्ट जागेपुरता असावा. एकामागून एक मुदतवाढीने वर्षभर चालणारा नसावा, कारण अपवाद कायम झाला की त्याला नियम म्हणतात. आणि गाणे, सोंग, हावभाव यांना सुरे आणि दंडे यांच्या कलमातून बाहेर काढावे.

या शेवटच्या मागणीसाठी तरी साहित्याच्या माणसांनी इतर तीन मागण्यांचा विचार करावा. शब्दाच्या बाबतीत आपण दीर्घकाळ लढलो आहोत. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली, कारण ते नाटक प्रेक्षकांवर काय परिणाम करू ‘शकेल’ याची सरकारला धास्ती होती. १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला चालला, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, कारण सुटे उतारे नव्हे तर संपूर्ण कृती वाचायला हवी. संदर्भ पाहा, प्रयोजन पाहा, एक वाक्य वेगळे काढून त्याची लांबी मोजू नका, हे तत्त्व आपण स्वतःसाठी मागून घेतले. ते केवळ लेखकांपुरते राखून ठेवता येणार नाही. ‘इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ या शब्दांत चाकू बसतो, काठी बसते, आणि ज्याला धास्ती वाटते त्याच्या लेखी पुस्तकही बसते. वस्तूने काय केले ते न पाहता ती काय करू शकेल यावर शिक्षा द्यायची सवय कायद्याला लागली, तर ती सवय पात्यापाशी थांबेल असे मानायला इतिहासात आधार नाही. कलम ३७ मध्ये ती थांबलेली नाही, हे त्याच यादीत पुढे चार ओळींवर वाचायला मिळते.

कलम बांधणाऱ्याला त्याचा चाकू खिशात ठेवता यावा आणि शाहिराला त्याचे गाणे चौकात म्हणता यावे, या दोन मागण्या आम्हांस एकच वाटतात. दोघांनाही एवढेच हवे आहे की कोणी तरी विचारावे, ‘हे कशासाठी?’, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.